सीटीच्या टेबलावर, पाचव्या महिन्यात

सर आत आले, टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सविता, उजव्या फुप्फुसात गुठळी आहे. शंका खरी ठरली."

मी विचारलं, "बाळाला किती गेलं?"

सरांना क्षणभर कळलंच नाही मी काय विचारतेय. त्यांनी मला जिवावर बेतणारं दुखणं सांगितलं होतं, आणि मी विचारत होते की पोटातल्या बाळापर्यंत किती रेडिएशन पोचलं. मग त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "फार थोडं. घाबरण्यासारखं काही नाही. आता आधी तुला बघू दे."

ज्या टेबलावर मी आडवी होते, त्याच टेबलावर गेली काही वर्षं मी लोकांना झोपवत आले आहे. सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मी सीटी टेक्निशियन आहे. म्हणजे स्कॅन आम्ही काढतो आणि रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट डॉक्टर देतात. आमचे सर ते रेडिओलॉजिस्ट. शिवाय ते आमच्याकडचे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे किरणांपासून स्टाफ आणि पेशंट सुरक्षित आहेत ना, हे बघण्याची जबाबदारी त्यांची.

हे लिहितेय ते आमच्या लाइनमधल्या मुलींसाठी. रेडिओग्राफी शिकणाऱ्या, नोकरीला लागलेल्या, लग्न झालेल्या, होऊ घातलेल्या. आणि ज्यांचं माझ्यासारखं काही होऊन गेलंय, त्यांच्यासाठी.

सुरुवात साताऱ्यापासून करावी लागेल.

डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी साताऱ्याला होती. लग्नाला वर्ष झालं होतं. एक दिवस एक्स-रेला एक म्हातारे गृहस्थ आले, गाडीवरून पडलेले. मान हलवू द्यायची नव्हती आणि त्यांना तर शुद्ध अर्धवट, सारखी मान झटकत होते. पेशंटला धरायचं काम नातेवाइकाचं असतं, एप्रन घालून. स्टाफने उठसूट धरायचं नसतं. पण सोबतचा पुतण्या रक्त बघून बाहेर बाकावर आडवा झाला होता. मी लेड एप्रन घातला, शिशाचा, जड असतो तो, आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. किरणांच्या झोतात मी नव्हते. एवढंच झालं.

त्यानंतर आठवडाभरात कळलं की मला दिवस गेलेत. आणि पुढे सोनोग्राफीत डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडून हळूच वळवून घेतली. ठोके नव्हते.

तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीच्या महिन्यांत असं खूप जणींचं होतं. बहुतेक वेळा गर्भाची जडणघडणच चुकलेली असते. तुझ्या कामाचा याच्याशी संबंध लावू नकोस."

माझ्या टीएलडी बॅजचं रीडिंगही यथावकाश आलं. टीएलडी म्हणजे कपड्याला लावायची छोटी पट्टी. आपल्याला किती रेडिएशन लागलं ते तिच्यात साठून राहतं, आणि ठरावीक काळाने ती तपासायला पाठवतात. रीडिंग नेहमीसारखंच होतं. मी मात्र म्हणत राहिले, बॅज छातीला होता आणि बाळ पोटात होतं.

आटपाडीहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ते मशीन लेकरं खातंय, पोरी. सोड ती नोकरी."

प्रेमाने म्हणाल्या. पण ते वाक्य माझ्यात घुसलं ते गेलंच नाही.

एक्स-रेचं बटण अर्धं दाबलं की ट्यूबमध्ये रोटर फिरतो. बारीक घुंई असा आवाज चढत जातो आणि मग टक. तो आवाज मला घरी ऐकू यायला लागला. मिक्सर लावला की त्याच्या आत. पंखा सुरू होताना. बाहेरून रिक्षा गेली की तिच्या मागे. मी वाट बघायची, टक कधी होतंय त्याची. कधी व्हायचं, कधी नाही. नाही झालं की जास्त भीती वाटायची.

एप्रन टांगायचा स्टँड असतो, त्यावर रांगेनं एप्रन लटकवलेले असतात. सकाळी खोली उघडली की मला ते एप्रन वाटायचेच नाहीत. डोकं नसलेल्या बायका माझी वाट बघत उभ्या आहेत असं वाटायचं. मी दिवा लावूनच आत जायची.

सगळ्यांत अवघड होता तो रोजचा प्रश्न. वयात आलेल्या प्रत्येक बाईला विचारावाच लागतो. "पाळी कधी आली होती? दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का?" हा प्रश्न मी दिवसभर विचारायची, आणि दर वेळी वाटायचं, कुणीतरी मागं उभं राहून मलाच विचारतंय.

मिस्टरांची नोकरी सांगलीला, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. मग मीही सातारा सोडून सांगलीला आले आणि सीटीला लागले. सातारा सुटला याचं बरं वाटलं. पण आवाज सामानाबरोबर आला.

काही वर्षं काहीच झालं नाही. मग पुन्हा दिवस राहिले.

या वेळी मी दुसऱ्याच दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. तुम्हालाही हेच सांगायचंय. पेढे कधी वाटायचे ते वाटा, सासरी कधी सांगायचं ते सांगा, पण डिपार्टमेंटला लवकर सांगा, आणि लेखी सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना पुढचं काही करता येत नाही. सांगितल्यावर बाळासाठी वेगळी, खूप कडक मर्यादा लागू होते आणि त्याप्रमाणे काम आखून देतात.

सर म्हणाले, "अभिनंदन. घरी बसायची गरज नाही आणि कुणी तुला बसवूही शकत नाही. काचेमागे कन्सोलवर काम करत राहिलीस तरी चालेल. वॉर्डात जाऊन पोर्टेबल एक्स-रे काढणं नको, स्कॅन चालू असताना आत उभं राहणं नको, पेशंट धरणं तर अजिबात नको. पोटाशी आणखी एक बॅज लाव. रीडिंग मी स्वतः बघतो."

मी म्हटलं, "सर, मला अपॉइंटमेंटच्या काउंटरला बसवा."

त्यांनी वाद घातला नाही. बसवलं.

काउंटरवर रेडिएशनचा प्रश्नच नव्हता. तरी मी पोटाशी बॅज लावून बसायची. सीटीच्या दारावरून जायला लागू नये म्हणून कॅन्टीनच्या जिन्याने वळसा घालून बाथरूमला जायची. एकदा सरांनी बघितलं. म्हणाले, "मशीन बंद असताना त्यात काही नसतं, हे तू शिकाऊ मुलींना शिकवतेस ना? दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का?"

मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्यानेच गेले.

पाचव्या महिन्यात धाप लागायला लागली. गरोदरपणात थोडी लागतेच. रक्त कमी असेल म्हणून गोळ्या वाढवल्या. छातीवर कुणीतरी लेड एप्रन टाकल्यासारखं वाटायचं. पण हे असं मला स्वप्नात कित्येक वर्षं वाटत आलं होतं, त्यामुळे जागेपणी वाटलं तेव्हा मी ते भीतीच्याच खात्यात टाकलं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मनाने घाबरलेल्या माणसाला खरं दुखणं लवकर ओळखू येत नाही.

त्या दिवशी सकाळी उजव्या बरगडीखाली टोचायला लागलं. दीर्घ श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं. काउंटरवर एका पेशंटला अपॉइंटमेंट देता देता तारीख सांगायला मला दम पुरेना. खुर्चीवरून उठले आणि तिथेच खाली बसले. पुढचं आठवतं ते स्ट्रेचर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि शबानाचा चेहरा.

शबाना मिरजेची. सीटीला माझी जोडीदारीण. एका डब्यात जेवणाऱ्या आम्ही.

आमच्या हॉस्पिटलच्या गायनॅक मॅडम धावत आल्या. पोटावर डॉपलर लावून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके चालू होते. मग माझी नाडी, बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा. ऑक्सिजन कमी होता आणि नाडी पळत होती.

मॅडम म्हणाल्या, "मला पल्मनरी एम्बोलिझमची शंका आहे." म्हणजे पायातल्या किंवा ओटीपोटातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तिथून सुटते, आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकतं, म्हणून हा धोका वाढतो. मोठी गुठळी अडकली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

आधी पायांची सोनोग्राफी केली. तिच्यात किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. पायात गुठळी सापडली असती तर पुढची तपासणी टळली असती, कारण उपचार तोच असतो. मी देवाला म्हणत होते, पायात सापडू दे. सापडली नाही. हृदयाची सोनोग्राफी केली. उजव्या बाजूवर थोडा ताण दिसत होता, म्हणजे शंका आणखी बळावली.

मग मॅडमनी ते नाव घेतलं. "सीटी पल्मनरी अँजिओ करावा लागेल." हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध सोडून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा काढलेला सीटी स्कॅन.

मी मास्क काढून म्हटलं, "नाही."

किती गरोदर बायकांना मी स्वतः समजावलं होतं! किरण छातीवर पडतात, पोटावर नाही. आतल्या आत जे काही पसरून बाळापर्यंत जातं ते फार थोडं असतं. अगदी गरज असल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत. सगळं पाठ होतं मला. पण त्या घटकेला पाठ असलेल्यातलं काहीही कामाला आलं नाही. कानात फक्त तो रोटर चढत होता.

मी म्हटलं, "स्कॅन नको. इंजेक्शन सुरू करा."

मॅडम म्हणाल्या, "पहिलं इंजेक्शन दिलंय, तपासणीसाठी थांबलो नाही. पण रक्त पातळ करायचं औषध बाळंतपणापर्यंत आणि नंतरही द्यावं लागेल. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर? निव्वळ अंदाजावर इतके महिने मी ते देणार नाही. आणि दुखणं भलतंच निघालं तर त्याचा उपचार राहून जाईल."

तोवर मिस्टर आले होते आणि त्यांच्यामागे आत्या. त्या दोन दिवसांपूर्वीच आटपाडीहून माझ्याकडे राहायला आल्या होत्या. सीटी हा शब्द कानावर पडताच त्या स्ट्रेचरला आडव्या झाल्या.

"न्हाई म्हंजी न्हाई. त्या मशिनीत माझी सून जायाची न्हाई. एक गेलंय तेवढं लय झालं."

"आई, बाजूला हो. डॉक्टरांना बोलू दे," मिस्टर म्हणाले.

सर रिपोर्टिंग सोडून आले होते. त्यांनी आत्यांना काही सांगितलं नाही. माझ्या उशाशी वाकून म्हणाले, "सविता, दोन धोके आहेत. एक इतका लहान आहे की आपण तो मोजायलाही दमतो. दुसरा आज संध्याकाळपर्यंत तुम्हा दोघांना घेऊन जाऊ शकतो. तू पहिल्याकडे बघतेयस, कारण तो तुझ्या ओळखीचा आहे. बाळ तुझ्या श्वासावर आहे. आणि तोच कमी पडत चाललाय."

मी शबानाकडे बघितलं. "तू असतीस तर?"

ती म्हणाली, "मी असते तर मीपण अशीच रडले असते. आणि झोपले असते टेबलावर."

कशाने मन वळलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सरांचं बरोबर होतं म्हणून नव्हे, ते मला आधीच माहीत होतं. ती "मीपण रडले असते" म्हणाली, बहुतेक त्यानेच. मी मान हलवली. आत्यांनी स्ट्रेचरची दांडी सोडली आणि पदर तोंडात कोंबला.

आत नेल्यावर शबानाने माझ्या कपड्याचा बॅज काढला. "हा आता लावायचा नाही. आता तू पेशंट आहेस." नियम मला माहीत होता. बॅज कामात लागलेलं रेडिएशन मोजतो, स्वतःच्या तपासणीत तो घालायचा नसतो. तरी तो काढताना मला वाटलं, आता माझ्या बाळाचं मोजणारं कुणी राहिलं नाही. मी तसं बोललेही. शबाना म्हणाली, "मशीनवर डोस नोंदवला जातो. मी लिहून देईन तुला. आता हात वर घे."

कमरेवर एप्रन गुंडाळला. त्याचा या स्कॅनला फारसा उपयोग नसतो, कारण बाळापर्यंत जे जातं ते आतूनच. शबानालाही ते माहीत होतं. माझ्यासाठी गुंडाळला तिने.

ती बाहेर गेली. जाड दार बंद झालं. आणि मग टेबल सरकलं, आणि वरच्या स्पीकरमधून आवाज आला.

"श्वास आत घ्या. रोखून धरा. हलू नका."

तो माझाच आवाज होता.

मशीन नवीन आलं तेव्हा सूचना इंग्रजीत होत्या, आमच्या पेशंटना कळायच्या नाहीत. तेव्हा मीच मराठीत रेकॉर्ड केल्या होत्या. विसरून गेले होते. त्या आवाजात दम होता, हसू दाबल्यासारखं काहीतरी होतं. रेकॉर्ड करताना शबाना मागे खिदळत होती ते आठवलं. मला वाटलं, ही जी बोलतेय ती कोणी दुसरी आहे, तिला अजून काहीच झालेलं नाही, आणि ती मला सांगतेय हलू नको. मला खोल श्वास घेता येईना. जेवढा आला तेवढा घेतला आणि धरला. औषध शिरेतून गेलं, अंगभर उष्णता पसरली. पोटात बाळ हललं. हलू नको असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता श्वास सोडा," मी मला म्हणाले.

मग सर आत आले. ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होते. हेपरीनच्या प्रकारातलं इंजेक्शन सुरू झालं. रक्त पातळ करणारी काही औषधं वारेतून बाळापर्यंत जातात, हे जात नाही, म्हणून गरोदर बाईला हेच देतात. पोटाच्या कातडीत टोचायचं, रोज. घरी गेल्यावरही.

नर्सने मला शिकवलं. पण ताणलेल्या पोटाजवळ सुई नेली की माझा हात अडायचा. मिस्टरांना तर सुई बघूनच चक्कर. आत्या दारात उभ्या होत्या. पुढे आल्या आणि नर्सला म्हणाल्या, "बाई, मला दाव. मेंढरास्नी टोचत आले की मी जल्मभर. कातडी चिमटीत धरायची आन् सरळ घालायची, हेच नव्हं?"

नर्स हसली. पण आत्यांनी आधी साबणाने हात धुतले, मग तिच्यासमोर तिच्या देखरेखीखाली केलं, आणि मला मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी त्याच टोचायच्या.

घरी आल्यावर भीती कमी झाली असेल असं तुम्हाला वाटेल. वाढली. आता तर खरंच स्कॅन झाला होता. मी दिवसभर पोटावर हात ठेवून हालचाली मोजायची. थोडा वेळ बाळ शांत राहिलं की मला तो आवाज ऐकू यायचा, घुंई, आणि मी टकची वाट बघत बसायची. शबानाने डोस लिहून दिला होता, आकडा खरंच नगण्य होता. मी तो कागद वाचून वाचून मऊ केला. आकडा समजायचा. पटायचा नाही.

एका सकाळी आत्यांनी सुई टोचली, कापूस दाबून धरला आणि तशाच बसून राहिल्या. मी विचारलं, "काय झालं, आत्या?"

म्हणाल्या, "माजं बी एक गेलंय."

मला माहीत नव्हतं. मिस्टरांनाही माहीत नव्हतं.

"लगीन नवं हुतं. आमी मेंढरं घिऊन वाटंला हुतो. पोटुशी हुते म्या. ओढ्यात एक कोकरू अडकलं हुतं, वलं, जड. म्या उतरले आन् उचलून आनलं. दुसऱ्या दिशी समदं गेलं. सासू म्हनली, वज्जं उचललंस. तवापासनं म्या कोकरू हातात घेतलं न्हाई. मेंढरं राखली जल्मभर, पर कोकरू कवा उचललं न्हाई. दुसऱ्याला सांगायची, उचल म्हून."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"तुजं गेलं तवा म्या मशिनीला शिव्या दिल्या. कुनाला तरी द्याव्या लागत्यात, पोरी. न्हाईतर आपल्यालाच घ्याव्या लागत्यात. म्या माज्या मला घेतल्या. तुला घ्याया लागू न्हाईत म्हून मशिनीला दिल्या. पर तू त्या बी सोताकडंच घेतल्यास व्हय गं?"

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. माझ्या पोटावरचा कापूस तेवढा त्यांनी दाबून धरला होता, रक्त पातळ होतं ना माझं.

मी त्यांना म्हटलं, "आत्या, कोकरू उचलल्याने जात नाही हो."

"तुज्या डाक्टरीनबाई बी तसंच म्हनत्यात की तुला," त्या म्हणाल्या. "तुला पटतंय व्हय?"

दिवस भरत आले तशी तारीख ठरवून बाळंतपण केलं. जास्त रक्त जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी इंजेक्शन थांबवलं. मुलगी झाली. ईश्वरी. रडली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ऐक, फुप्फुसं बघ कशी आहेत!"

मला आयोडीनचं औषध दिलं होतं म्हणून तिच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉईड तपासला. नॉर्मल आला. इंजेक्शन पुढे सहा आठवडे चाललं. आता माझ्या फुप्फुसात काही नाही. पुन्हा कधी दिवस राहिले तर सुरुवातीपासूनच गुठळी होऊ नये म्हणून औषध घ्यावं लागेल, एवढं लक्षात ठेवायचं.

ईश्वरी आता भिंतीला धरून चालते. मी पूर्ण बरी झालेय असं सांगितलं तर खोटं होईल. तिला ताप आला की माझ्या मनात पहिला विचार तोच येतो. ती उशिरा बसली तेव्हा आला, दात उशिरा आले तेव्हा आला. पण आता मी तो विचार शबानाला किंवा आत्यांना सांगून टाकते. फोनवर आत्या म्हणतात, "आला व्हय परत? येऊ दे. बसू दे जरा. जाईल." सरांचे, मॅडमचे उपकार मोठे आहेत. या दोघींचे कशात मोजू मला कळत नाही.

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या एका कॉलेजने रेडिओग्राफीच्या मुलींसमोर बोलायला बोलावलं. विषय होता गरोदरपण आणि रेडिएशन सुरक्षितता. सोडल्यापासून मी साताऱ्याला गेले नव्हते. एसटीतून उतरले तेव्हा परत फिरावंसं वाटलं. तरी गेले.

सगळं सांगितलं. लवकर आणि लेखी कळवा. बॅज घाला, तो ड्रॉवरमध्ये ठेवून काही मोजत नाही. पेशंट धरू नका. अंतर ठेवा, काचेमागे उभ्या राहा. नियम पाळून काम केलं तर गरोदरपणातही हे काम करता येतं, नोकरी सोडायची गरज नाही. आणि तुम्हीच आजारी पडलात आणि डॉक्टरांनी गरजेची म्हणून तपासणी सांगितली, तर प्रश्न जरूर विचारा, पण भीतीपोटी नाही म्हणू नका. मग माझी गोष्ट सांगितली. साताऱ्याचीही.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गळ्यात मंगळसूत्र, नवं दिसत होतं. तिने विचारलं, "मॅडम, मग पहिलं कशानं गेलं?"

पुढच्या रांगेतल्या शिक्षिका तिला बस म्हणून खुणावत होत्या.

त्या प्रश्नाला माझ्याकडे कायम उत्तर तयार असायचं. मनात एक असायचं, लोकांना सांगायला दुसरं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "माहीत नाही. डॉक्टर म्हणाले कामामुळे नाही, आणि ते बरोबर असणार. पण नक्की कशानं, ते मला कधीच कळणार नाही."

एवढं बोलून मी पाणी प्यायले. काही झालं नाही. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, ऊन पडलं होतं.

मुली गेल्या. ती मात्र बाकावरच बसून राहिली, वहीचा कोपरा दुमडत आणि उलगडत. मी जाऊन तिच्याशेजारी बसले. जो प्रश्न मी दिवसभर प्रत्येक बाईला विचारते तो मी तिला विचारला नाही.

मग ती म्हणाली, "मॅडम, कॉलेजमध्ये हे आधी कुणाला सांगायचं असतं?"

"विभागप्रमुखांना," मी म्हटलं. "पण आत्ता मला सांगितलंस ना. सुरुवात झाली."

"तुम्ही येता सोबत?"

मी तिची बॅग उचलली.